वरात चुकल्याची बातमी

लाखनीच्या बस स्टँडवर मी रोज सकाळी पेपर घेते आणि गाडीत बसल्यावर मैत्रिणीला वाचून दाखवते. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो, दोघींनाही कथा लिहायचा नाद. तिला बस लागते. गाडीत अक्षरांवर नजर टाकली की मळमळतं, म्हणून ती डोळे मिटून खिडकीला टेकते आणि म्हणते, "हं, वाच."

लग्नसराईचे दिवस होते. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. तुमसरकडची एक वरात सारख्याच नावाच्या भलत्याच गावी पोहोचली. चूक कळेपर्यंत बँड वाजून झाला होता. गावकऱ्यांनी वऱ्हाडाला सरबत पाजलं आणि खऱ्या गावाचा रस्ता दाखवला. मी इतकी हसले की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. मैत्रीण हसली नाही. तिला झोप लागली असेल असं मला वाटलं.

दिवाळी अंकात तिची कथा आली. त्या भलत्या गावातली एक मुलगी, जिचं लग्न काही केल्या जुळत नाही. दारात अचानक बँड वाजतो, ती बाहेर येते, तर नवरदेव तिच्याच अंगणासमोर गाडीतून उतरतोय. सरबताचा ट्रे घेऊन आई तिलाच पाठवते. मी ती कथा ओट्यापाशी उभी राहून वाचली आणि गॅसवरचा भात करपला.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. "बातमी तर मी वाचली होती!"

"तूच वाचली होती ना," ती सहज म्हणाली. "पण तू हासून राहिली होती. मी त्या गावात कोण कोण असंल, याचा विचार करून राहिली होती."

त्या दिवसापासून वाचताना माझा आवाज बदलला. एखादी बातमी चांगली वाटली की मी ती गाळायची आणि मंत्र्यांची भाषणं मोठ्यानं वाचायची. घरी येऊन गाळलेल्या बातम्या कापून ठेवायची. जंगलातून गावात आलेला वाघ, हायवेवर उलटलेला संत्र्यांचा ट्रक. सगळं होतं, पण लिहायला बसलं की बातमीच्या पुढे एक ओळ सरकत नव्हती.

मग एकदा हरवलेली म्हैस दोन वर्षांनी आपल्या पायांनी परत आल्याची बातमी दिसली. मी पान उलटून टाकलं.

"काहून थांबली?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही. जाहिरात आहे."

म्हशीची कथा मी मन लावून लिहिली. मालकाचं रडणं, गावानं म्हशीला ओवाळणं, सगळं घातलं. संपादकांनी साभार परत पाठवली. शेवटी, नाइलाजानं, मी ती तिलाच वाचायला दिली.

मधल्या सुट्टीत तिनं कागद परत आणून दिले. "गोड आहे. पण दोन वर्षं ती कोणाच्या घरी होती? तिथं बी तर कोणी रोज तिची वाट पाहून राहिलं असंल आता."

एवढे दिवस ती म्हैस माझ्याजवळ होती आणि ते दुसरं घर मला एकदाही दिसलं नव्हतं. मी चिडून म्हटलं, "मग तूच लिही ना!"

"मी कायले लिहू? म्हैस तुझी आहे."

मी लिहिली. त्या दुसऱ्या घरातली म्हातारी, तिचा रिकामा गोठा. या वेळी कथा छापून आली. भंडाऱ्याहून एका अनोळखी बाईंचा फोन आला, म्हाताऱ्या आजीनं रडवलं म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं. आजी कोणाला सुचली होती, ते सांगितलं नाही.

मैत्रिणीनं स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले, स्वतः आणलेले. त्या आजीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होते, कुठे थोडी तरी कडवट रेघ दिसते का म्हणून. ती मनापासून खूश होती. पेढा चांगला होता, पण मी अर्धाच खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.