बायको मैदानात, पोरगं काखेत

रविवारी सकाळी मैदानावरून घरी आलं की पायमोजे काढून दारातच बसावं लागतं. कुसळं! एक उपटावं तर त्याच्या शेजारी आणखी दोन दिसतात. आमच्या टीमचे किस्से तसेच आहेत. एक निघाला की बाकीचे टोचायला लागतात. मला तर जरा जास्तच टोचतात. का, ते कळेलच.

आमची टीम अल्टिमेट फ्रिसबीची. ती प्लास्टिकची तबकडी असते ना, हवेत गरगरत जाणारी, ती एकमेकांना फेकत फेकत पलीकडच्या टोकाला न्यायची आणि तिथल्या पट्ट्यात झेलायची, की गोल! तबकडी ज्याच्या हातात असेल त्यानं पळायचं नाही. अंपायर नसतो, फाउल झाला तर आपणच सांगायचा. आणि बायका-पुरुष एकाच टीममध्ये. मैदानात सात जण, त्यात निदान तीन बायका पाहिजेतच.

हे खूळ पुण्याहून जळकोटला मी आणलं. मी! नीट लक्षात ठेवा, कारण आता ते कुणालाच आठवत नाही.

* * *

पुरुष भराभर जमले. अणदूर, नळदुर्ग, उमरग्याची पोरं मोटरसायकलवर यायला लागली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं शाळेतल्या दोन मॅडम तयार झाल्या. तिसरी बाई काही मिळेना. शेवटी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "वैशाली, नुसती येऊन उभी राहा. संख्या भरायची आहे."

वैशाली नर्स आहे. दिवसभर वॉर्डात पळून तिचे पाय दुखत होते. "उभंच राहायचंय ना?" म्हणून चपलेवरच आली.

पहिलीच तबकडी तिच्या डोक्यावरून चालली होती. बाईनं चपला तिथंच सोडल्या, पळाली, हवेत आडवी झाली आणि झेलूनच उठली! मग आमचा प्रशांत, टीममधला सगळ्यात लांब फेकणारा पोरगा, माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, वैनींना आधी का न्हाय आणलं?"

वर्षभरात ती कॅप्टन झाली. संख्या भरायला आणलेली बाई!

पुढं सई झाली, मग अवी झाला. बायका टीममध्ये चारच, त्यामुळं वैशाली जवळजवळ प्रत्येक पॉइंटला, म्हणजे एक गोल होईपर्यंतच्या डावाला, आत. पुरुष डझनभर, त्यामुळं माझा नंबर कधीमधी. तिला बदली एकच, मला दहा. मग पोरं कुणाकडं? अवी झाल्यापासून आम्ही दोघं एकदाही एकाच पॉइंटला मैदानात नव्हतो. तिच्या पायात स्टडचे बूट, माझ्या काखेत पोरगं. ती डाइव्ह मारते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, मी डायपर बदलतो तेव्हा लोक लांब सरकतात.

मला जळतं. सरळ सांगतो, लई जळतं! एक पॉइंट तिच्याबरोबर खेळायचा, तिनं फेकायची आणि मी झेलायची, एवढंच माझं मागणं होतं.

* * *

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही वैशालीची माहेरची शिस्त. पोरं होण्याआधी आम्ही एकत्र खेळायचो, तेव्हा मैदानातही ती "अहो! टाका की, अहो!" असंच ओरडायची. थोड्याच दिवसांत अख्खी टीम मला 'अहो' म्हणायला लागली. मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा! "अहो, बाटली द्या." "अहो, ती बॅग जरा उन्हातनं काढा."

त्याचं मला काही नाही. पण प्रशांतला मात्र ती "पऱ्या!" म्हणते. बेंबीच्या देठापासून, हायवेवरचे ट्रकवाले वळून बघतील असं. "पऱ्या, लांब टाक!" पऱ्या टाकतो, ही पळते, गोल!

एकदा घरी हळूच म्हणालो, "मैदानात मला पण नावानं हाक मारत जा की."

"इश्श!" ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

* * *

मैदानाच्या कडेला चहाची टपरी आहे. तिथं एक नवीन मालक आला. अवी माझ्या काखेत, सई बोटाला, खांद्याला दुधाच्या बाटल्यांची पिशवी. मालक बराच वेळ मैदानाकडं बघत होता. मग वैशाली आणि प्रशांतकडं बोट करून म्हणाला, "ते दोघं नवरा-बायको व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो.

"खेळतेत मात्र लई जोडीनं. ही लेकरं त्या बाईंची का?"

"हो."

"आन् तुम्ही?"

खरं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात पऱ्यानं लांब टाकली, हिनं झेलली, दोघांनी उड्या मारून टाळी दिली. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "मी लेकरं सांभाळतो."

मालकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अवीच्या हातात एक खारी दिली. म्हणाला, "चांगला माणूस गावला बाईंना. आमच्या मेव्हण्याला बी असाच एक पायजे. हितनं सुटलात तर सांगा!"

* * *

या खेळात तबकडी हातात आली की समोरचा गडी तोंडावर उभा राहून मोठ्यानं आकडे मोजतो. एक, दोन, तीन... दहा म्हणायच्या आत तबकडी सोडली नाही तर ती त्यांची.

अवी जेवताना लई छळायचा. मी युक्ती काढली. त्याच्यासमोर घास धरायचा आणि तसेच, त्याच ठसक्यात आकडे मोजायचे. पाच-सहापर्यंत तो आ करायचाच. एकदम पक्की सवय लागली. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग लातूरच्या टीमबरोबर मॅच आली. वैशालीच्या हातात तबकडी, पुढं लातूरची एक पोरगी मोजायला. "एक, दोन, तीन..." कडेला माझ्या काखेत अवीनं आ केला. माझ्याकडं घास कुठला? "चार, पाच..." आ आणखी मोठा. "सहा..." आणि अवीनं जे भोकाड पसरलं!

लातूरच्या पोरीनं वळून बघितलं. हे एवढंसं पोर तिच्याकडंच तोंड वासून बघतंय, आणि ती गप्प झाली की तेही गप्प होतंय! तिला हसू आवरेना. आकडा विसरली. तेवढ्यात वैशालीनं तबकडी सोडली, पऱ्यानं झेलली, गोल.

लातूरवाले आमच्याकडं संशयानं बघत म्हणाले, "हे शिकवून आणलंय का?"

आमची सगळी टीम वैशालीला डोक्यावर घेऊन नाचली. "काय डोकं थंड ठेवलं वैनींनी!" म्हणे. अहो, तोंड वासायला पोराला शिकवलं कुणी?

* * *

छोटासा सांगतो. माझी आई एकदा आमच्याकडं आली होती. डब्यातले लाडू कमी झाले. आईनं विचारलं, "कुणी खाल्ले गं?" सई पुढं झाली, हात वर केला, म्हणाली, "फाउल. माझा."

आईचे डोळे भरून आले. पदरानं टिपत म्हणाली, "सुनंचं वळण हाय हो! आमच्या पोरांनी जन्मात असं कबूल केलं न्हाय."

आपला फाउल आपण सांगायचा हा नियम जळकोटात आणला कुणी?

* * *

माझे सासरे, आबा, अणदूरचे. खंडोबावर फार श्रद्धा. लेक खेळते म्हणजे नक्की काय करते हे बघायला एकदा जळकोटच्या मैदानावर आले. पांढरं धोतर, टोपी, खिशात भंडाऱ्याची पुडी. मला काखेत पोर घेऊन बसलेलं बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचा नंबर कवा?"

"येईल आबा."

"येऊ द्या निवांत. गडबड न्हाय," म्हणाले आणि खुर्ची पार रेषेपर्यंत ओढून बसले.

वैशालीनं गोल केला आणि आबा उठले ते थेट मैदानात! "येळकोट येळकोट, जय मल्हार!" पुडी सोडली आणि मूठभर भंडारा लेकीवर उधळला. वैशाली पिवळी, गवत पिवळं, तबकडी पिवळी.

समोर सोलापूरची टीम होती. त्यांची कॅप्टन म्हणाली, तबकडी घसरतेय, बदला. आमच्याकडं दुसरी नव्हती. अंपायर नसल्यामुळं दोन्ही टीमा मधोमध जमून चर्चा करायला लागल्या, तर आबा पण त्यात जाऊन उभे!

"आजोबा, तुम्ही बाहेर व्हा," सोलापूरची कॅप्टन म्हणाली. "ह्याच्यानं हातातनं घसरतं."

"बाळ, देवाचं हाय," आबा म्हणाले. "घसरत न्हाय."

यावर काय नियम सांगणार? शेवटी पोरीनंच कपाळ पुढं केलं. मग तिच्या मागं सगळी सोलापूरची टीम ओळीनं. सगळ्यांच्या कपाळाला लागला, मग मॅच पुढं सुरू. मी इकडं रेषेवर पोर सांभाळत बसलो होतो, तर मला चिमूटभरही नाही!

मॅच संपली की दोन्ही टीमा रिंगण करून उभ्या राहतात, एकमेकांचं कौतुक करतात आणि ज्याचं वागणं आवडलं त्याला एक मेडल देतात. सोलापूरकरांनी ते आबांना दिलं.

आज ते अणदूरच्या घरी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला आहे. खेळ मी आणला, मेडल सासऱ्याला! पाहुणे आले की आबा सांगतात, "आमचे जावई बी असतेत तिथं."

* * *

आता हा शेवटचा.

सोलापूरला स्पर्धा होती. आम्ही कधी नव्हे ते फायनलला पोचलो. आबा आमच्याबरोबर जीपमधून आलेले. मॅच बरोबरीत, पुढचा गोल जो करेल त्याचा कप. आणि आदल्याच पॉइंटला प्रशांतचा पाय मुरगळला. त्याला दोघांनी उचलून बाहेर आणला. मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? पुरतं वाटलं नाही.

वैशाली कमरेवर हात ठेवून रेषेवरच्या पुरुषांकडं बघत होती. एक, दुसरा, तिसरा. मग म्हणाली, "अहो, तुम्ही या." आणि वळून आपल्या जागेकडं चालायला लागली.

माझ्या काखेत अवी. आबा म्हणाले, "आणा त्याला हिकडं. जावा तुम्ही, जावा!"

मी कसा पळालो मला आठवत नाही. पाय हलके झाले होते. दोन-चार पास झाले, तबकडी वैशालीकडं आली. समोरची पोरगी मोजायला लागली. मी उजवीकडं गेल्यासारखं करून डावीकडं वळलो, मला अडवायला असलेला गडी घसरून पडला, आणि मी थेट शेवटच्या पट्ट्यात! एकटा. आजूबाजूला चिटपाखरू नाही. दोन्ही हात वर केले.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. अगदी डोळ्यांत डोळे घालून बघितलं. तिचा हात फेकायला मागं गेला.

आणि तिथंच थांबला! तिची नजर माझ्यावरनं सरकली आणि कडेच्या गर्दीत भिरभिरायला लागली. "आठ... नऊ... दहा!" तबकडी त्यांची झाली. त्यांनी दोन फेकीत गोल केला. कप गेला.

येताना जीपमध्ये सई आबांच्या मांडीवर, अवी वैशालीच्या. प्रशांत पुढच्या सीटवर पाय वर करून बसलेला. इटकळ मागं पडलं, अणदूरला आबा उतरले, तरी माझ्या डोक्यात तेच. मी एवढा मोकळा, आणि हिला माझा भरवसा नाही! शेवटी राहवेना. हळू आवाजात विचारलं, "मी दिसलो नव्हतो का?"

"दिसला होता की."

"पऱ्या असता तर डोळे झाकून टाकली असतीस."

"टाकली असती," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर तोंड वळवलं. मग तिनं माझी बाही ओढली. दुसऱ्या हातानं ती अवीच्या केसातली कुसळं काढत होती.

"तुमचे दोन्ही हात रिकामे दिसले हो," वैशाली म्हणाली. "काळजात धस्सच झालं. म्हटलं, अवी कुठाय?"