गालातले मूग

तुळशीराम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. शेलूबाजारला आमचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, आणि पेरणीच्या तोंडावर तिथे डोकं वर काढायला सवड नसते. म्हणून मी सकाळीच दिवसभराच्या कामांची यादी करते. त्या दिवशीच्या यादीत सोयाबीनच्या बॅगा मागच्या खोलीत हलवणे होतं, खताच्या गाडीची चौकशी होती, आणि अगदी खाली लिहिलं होतं, ‘सरांच्या वाटीतले मूग बदलणे’. फोन माझ्या मुलीच्या दुसऱ्या प्रशिक्षकांचा, नदीम सरांचा होता. "भाभी, आपले तुळशीराम सर गेले. किन्हीराजाले, घरीच. चहा घेतला अन् खुर्चीतच…" समोर उभ्या शेतकऱ्याला मी त्याची बॅग दिली, बिल दिलं, आणि शटर अर्ध्यावर ओढलं. काही आठवडे झाले त्याला. पेरण्या आटोपल्या, दुकान पुन्हा शांत झालं. आता थकवा जाणवतो आहे, आणि तो कामाचा नाही एवढं मला कळतं.

सर आमच्या गावच्या शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही किन्हीराजाहून जीपने येऊन ते संध्याकाळी मैदानावर हजर असत. माझी मुलगी प्रतीक्षा सातवीत असताना तिच्या हातात त्यांनी बांबूचा भाला दिला. सरांचा आवाज मोठा आणि जीभ त्याहून तिखट. मी एकदा तिला घ्यायला गेले तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "अवो ताई, तुमची पोरगी भाला फेकून राह्यली का दोरीवर कपडे वाळू घालून राह्यली?" प्रतीक्षा चिडायची, मग दात-ओठ खाऊन फेकायची, आणि भाला लांब जायचा. त्यांनी गोफण फिरवण्यात लहानपण घालवलेलं. तोच हात, बाजूने फिरणारा, त्यांनी तिला दिला. "भाला पायानं फेकते माणूस, हात तं फक्त सोडते," हे त्यांचं एक वाक्य, आणि "दमानं ये, दमानं," हे दुसरं. मोजकी पावलं, संथ धाव, मग फेक. तालुक्यात ती पहिली आली, जिल्ह्यात दुसरी.

जिल्ह्याच्या स्पर्धेत नदीम सरांनी तिला पाहिलं. ते वाशीमला शिकवतात, वयाने सरांच्या मुलासारखे, रीतसर प्रशिक्षण घेतलेले. त्यांनी स्वतःहून तिला शनिवार-रविवार बोलावलं. तिथे सगळंच वेगळं होतं. धाव लांब आणि जोरात, कोपर खांद्याच्या वर, हात कानाजवळून. सोमवारी प्रतीक्षा गावच्या मैदानावर आली की सर म्हणायचे, "हे काय नवीन? घोड्यासारखी काहून धावून राह्यली?" आणि शनिवारी नदीम सर म्हणायचे, "बेटा, ये हाथ किसने सिखाया? गोफन है क्या?" दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं नाव घेत नसे. मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला: सोमवार ते शुक्रवार सरांचं, शनिवार-रविवार नदीम सरांचं, असा तक्ता करून तिच्या टेबलासमोर लावला. दुकानात हे चालतं, एका कंपनीचा माल एका रॅकवर आणि दुसरीचा दुसऱ्या. माणसाच्या हाताला रॅक नसतात.

दिवाळीनंतर तिचा कोपर दुखू लागला. आधी फेकल्यावर, मग पोळी लाटताना, मग पाण्याची बादली उचलताना. अकोल्याच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं, फोटो काढला, आणि सांगितलं की आता महिनाभर विश्रांती, आणि पुन्हा असंच दुखलं तर भाला कायमचा सोडावा लागेल. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "आई, मी धावतो नदीम सरांसारखी अन् फेकतो तुळशीराम सरांसारखी. दोघायलेही वाईट वाटू नये म्हून." मी तिचा हात मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही दुकानात बोलावलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, चहा दिला, आणि म्हटलं, तुमच्यापैकी कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही, पण पोरीला कोपर एकच आहे. बराच वेळ नुसती बाचाबाची झाली. "तुमी पुस्तकातलं सांगता," सर म्हणाले. "अन् तुमी पाखरं हाकलाचं," नदीम सर म्हणाले. मग नदीम सर उठले. त्यांनी सरांचाच हात धरला, कोपर खाली ठेवून हळूच मागे ओढला आणि विचारलं, "कुठं ताण येते?" सरांनी आतल्या बाजूला बोट ठेवलं. मग कोपर वर करून तसंच ओढलं. "अन् आता?" सरांना बोट ठेवायला जागा सापडेना. त्यांनी दोनदा पुन्हा करायला लावलं. मग हात सोडवून घेतला, चहाचा कप खाली ठेवला, आणि म्हणाले, "हात तुमचा. धाव माही. पण मैदानावर तोंड एकाचंच चालते, दोघायचं चाललं का पोरगी बहिरी होते. तं तोंड तुमचं. मी आता मूग गिळतो." आणि खरंच काउंटरवरच्या नमुन्याच्या ताटातले चार मूग उचलून त्यांनी तोंडात टाकले.

मी ओरडलेच. "सर, थुंका! औषध लावलेलं बियाणं आहे ते!" नदीम सर पाण्याची बाटली घेऊन धावले. सर बाहेर पायरीवर चुळा भरत होते आणि हसत होते. "ताई, मूग गिळाले सांगतात सारे, पन कोनते ते कोनी सांगत नाही," म्हणाले. मी घरातून खायचे मूग आणले, स्टीलच्या वाटीत घालून काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवले. ती सरांची वाटी.

विश्रांतीचा महिना संपल्यावर नदीम सर शनिवार-रविवार आमच्याच मैदानावर येऊ लागले. तेव्हापासून सर मैदानावर जाताना आधी दुकानात थांबत, दोन मूग गालात टाकत आणि जात. ज्या माणसाचा आवाज बसस्टँडपर्यंत यायचा तो कडेच्या बाभळीखाली गाल किंचित फुगवून उभा असे. गंमत पहिले आठ दिवस वाटली. मग दिसायला लागलं की ते किती अवघड आहे. प्रतीक्षा फेकून वळली की आधी त्यांच्याकडे बघायची. ते गालावर बोट ठेवायचे. एकदा ती रडली, "सर, एक शब्द तं बोला!" तेव्हाही त्यांनी बोटच ठेवलं. परत येताना दुकानात टेकले, मूग रुमालात काढले आणि म्हणाले, "ताई, शिकवनं सोपं होतं. हे लय जड जाते…"

विभागीय स्पर्धेला आम्ही सगळे अमरावतीला गेलो होतो. पहिल्या दोन्ही फेकी फाऊल गेल्या, पाय रेषेपलीकडे. तिसरीही तशीच गेली असती तर ती बाहेर. नदीम सर घामाघूम झाले होते. धाव त्यांनी पुन्हा थोडी लांबवली होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ते तरातरा चालत सरांकडे आले. "सर, थुंको अब. तुमी बोला." सरांनी मूग तळहातावर काढले, नदीम सरांकडे एकदा खात्री करून घेण्यासाठी पाहिलं आणि जाळीपाशी जाऊन, वाटलं होतं तेवढ्या मोठ्याने नाही, म्हणाले, "पोरी, दमानं ये. हात नदीम सरायचाच ठेव." एवढंच. मग मूग पुन्हा गालात गेले. ती फेक बसली. प्रतीक्षा चौथी आली, राज्यासाठी निवड झाली नाही. परतीच्या गाडीत सरांनी फक्त एक विचारलं, "दुखते काय?" ती म्हणाली, "नाही." सरांनी डोळे मिटून घेतले ते शेलूबाजारपर्यंत उघडले नाहीत.

सरांना अग्नी दिला त्या दिवशी नदीम सर माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "भाभी, मी असतो त्यायच्या जागी तं गप नसतो राह्यलो." मीही नसते राहिले.

प्रतीक्षा आता अकोल्याला कॉलेजात आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, इथले नवीन सर म्हनतात, भाल्याची पकडच बदल. नदीम सर म्हनतात, खबरदार बदलली तं. मी कोनाचं ऐकू?" मला सगळं सुचलं होतं. कोणत्या दिवशी काय, कुणाला आधी फोन करायचा, डॉक्टरांना काय विचारायचं… तोंड उघडलं आणि समोर ती वाटी दिसली. सर गेले त्या दिवशी यादीत राहिलेलं काम मी नंतर करून टाकलं होतं. मूग ताजे होते. का केलं ते विचारू नका. मी दोन उचलले आणि तोंडात टाकले.

"आई? बोल ना."

"हं."

मग हलक्या आवाजात, "मूग आहेत काय तोंडात?"

"हं."

ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं," म्हणाली. "दोघायले एका जागी बसवतो मीच. चहा देतो अन् कोपर दाखवतो."

फोन ठेवल्यावरही मी मूग काढले नाहीत. मला वाटलं होतं ते लगेच मऊ होत असतील. होत नाहीत. दाताखाली येतात, जिभेला टोचत राहतात, आणि बोलायचं होतं ते सगळं त्यांच्यामागे तसंच उभं राहतं.