मंत्र्याच्या मालिकेतला पी.ए.

पुंजाराम गाडेकर श्रीरामपूरला स्टेशनमागच्या गल्लीत एका खोलीत एकटा राहायचा. तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या हायस्कुलात तो क्लार्क होता. रोज सकाळी कारखान्याच्या बसने जायचा, संध्याकाळी त्याच बसने परतायचा. लग्न झालं नव्हतं. तरुणपणी नाटकाच्या तालमी, मग स्पर्धा, मग आईचं आजारपण, असं करता करता ते राहूनच गेलं. आई गेल्यावर जवळचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, थोरली बहीण लंकाबाई. ती कारखान्यापलीकडच्या लबडे वस्तीवर दिलेली. तो तिला आक्का म्हणायचा.

त्र्याण्णव साली नगरला नाट्यस्पर्धेत त्याचं काम पाहून पुण्याच्या एका दिग्दर्शकाने त्याला बोलावून घेतलं. दूरदर्शनसाठी तेरा भागांची मालिका करायची होती. आरोग्यमंत्र्याच्या खात्यात भेसळीच्या औषधांचं प्रकरण बाहेर येतं, मुलं दगावतात, आणि मंत्र्याचा पी.ए. देशमाने ते सगळं निस्तरतो, अशी गोष्ट. पत्रकारांना काय सांगायचं, कोणत्या डॉक्टरला रजेवर पाठवायचं, मोर्चासमोर कुणी जायचं, सगळं तोच ठरवतो. मंत्री आरडाओरडा करतो, घाम पुसतो. देशमाने कधी आवाज चढवत नाही. दिग्दर्शकाने पुंजारामला एवढंच सांगितलं होतं, "हात जोडायचे, हळू बोलायचं, आणि बोलून झालं की किंचित हसायचं. तेवढ्याने लोक गार पडतात."

नवव्या भागात पत्रकार परिषदेचा प्रसंग होता. देशमाने औषधाचा डबा उघडतो, "शंका असेल तर पहिली गोळी मी घेतो," म्हणतो आणि सगळ्यांदेखत गोळी गिळतो. गोळी अर्थातच बदललेली असते. त्या प्रसंगाने पुंजारामचं नाव झालं.

वस्तीवर एकाच घरी टीव्ही होता. लंकाबाई दर आठवड्याला पुढे जाऊन बसायची. नववा भाग झाल्यावर भाऊ भेटला तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं.

"ती गोळी खरीच गिळली व्हय रं?"

"पेपरमिंटची होती, आक्का."

"आन तोंड असं केलंस, जनू खरंच औषध पोटात गेलं."

"तेच तर काम असतं आमचं."

ती पदर तोंडाला लावून खूप हसली. वस्तीत मात्र तिने हे कुणाला सांगितलं नाही.

मालिका चालू होती तोवर पुंजारामला बाजारातून सरळ चालता येत नसे. "नमस्कार पी.ए.साहेब!" पानवाला पैसे घेत नसे. एकदा राहुरीकडचा एक म्हातारा पेन्शनचं काम घेऊन खोलीवर आला. "मंत्र्याच्या कानावर घाला," म्हणाला. आपण नट आहोत, मंत्रीबिंत्री कुणी नाही, हे पुंजारामने परोपरीने सांगितलं. म्हातारा जाताना म्हणाला, "न्हाई करायचं तर सरळ न्हाई म्हना की."

मालिका संपली आणि हे सगळं ओसरत गेलं. पुंजारामने एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावून पाहिले. "बघू, कळवतो," असं दोनदा ऐकल्यावर तिसऱ्यांदा दिग्दर्शक घरात नसल्याचं कळलं. शाळेत पुन्हा हजेरीपट आणि दाखले. संध्याकाळी तो स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचा. गाडी थांबली की उतरणाऱ्यांपैकी एखाद्याची नजर आपल्यावर अडखळते का, हे पाहायचा. पहिल्या वर्षी अडखळायची. नंतर लोक बॅगा सावरत निघून जाऊ लागले. खोलीत आला की स्टोव्ह पेटवायचा आणि भात शिजेपर्यंत देशमानेची वाक्यं म्हणायचा, हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून.

शहाण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाला लबडे वस्तीच्या विहिरी बिघडल्या. कारखान्याच्या दारूच्या प्लँटमधलं मळीचं पाणी नाल्याला सोडलं जायचं, ते जमिनीत मुरलं. विहिरीचं पाणी काळ्या चहासारखं झालं, त्याला कुजक्या गुळासारखा वास यायला लागला. अंगाला खाज सुटायची, गुरं तोंड लावून मागे सरायची. वस्तीवरच्या बायका-माणसांनी कारखान्यावर मोर्चा न्यायचं ठरवलं. कारखान्याची निवडणूक जवळ आली होती आणि पेपरवाले येणार होते.

मोर्चाच्या सकाळी चेअरमनचा पुतण्या प्रशांत शाळेत आला. पुण्याला शिकलेला, गोड बोलणारा. पुंजारामला त्याने हेडमास्तरांच्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं.

"गाडेकर, आज आमचं कुणी बोलायला उभं राहिलं तर लोक दगड मारतील. तुमचं ऐकतील."

"माझं कशाला ऐकतील? मी साधा क्लार्क."

"तुम्ही क्लार्क शाळेत. लोकांना तुम्ही देशमाने आहात. पाणी तपासायला दिलंय, रंग नि वास आहे पण अपाय नाही, टँकर सुरू करतोय, एवढंच सांगायचं. आणि वस्तीच्या विहिरीचं पाणी तिथे त्यांच्यासमोर प्यायचं. तो गोळीचा सीन आठवतोय ना? काय केलं होतं तुम्ही!"

"पाणी खरंच तपासलंय?"

"रिपोर्ट येईलच," प्रशांत म्हणाला.

पुंजारामची नोकरी कारखान्याच्या हातात होती, हे खरंच. पण त्या वेळी त्याच्या मनात नोकरी नव्हती. बाहेर शे-दोनशे माणसं येणार होती आणि ती गप्प राहून त्याच्याकडे बघणार होती. दोन वर्षांत असं कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

गेटसमोर टेम्पो उभा केला होता. तो वर चढला तशी घोषणा देणारी माणसं एकदम थांबली. "आरं, पी.ए.!" कुणीतरी म्हणालं, काहीजण हसलेही. त्याने हात जोडले. हळू बोलायला लागला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून लोकच एकमेकांना गप्प करू लागले. आपण याच भागातले आहोत, आपली सख्खी बहीण याच वस्तीवर आहे, तिच्या पोरीबाळींचा घास आपण कसा विषारी होऊ देऊ, असं तो म्हणाला. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. बोलता बोलता त्याचं त्यालाच सुचलं.

मग प्रशांतने तांब्या वर दिला. "सकाळी लबडे वस्तीच्या विहिरीवरनं भरून आणलाय," तो मोठ्याने म्हणाला.

तांब्या तोंडाजवळ नेला तेव्हा पुंजारामला कळलं. पाण्याला कसलाच वास नव्हता. ते कारखान्याच्या कॉलनीतल्या नळाचं स्वच्छ पाणी होतं. तो क्षणभर थांबला. खाली सगळे त्याच्याकडे बघत होते. बायकांच्या घोळक्यात आक्का उभी होती, तिच्या शेजारी वस्तीवरचीच म्हातारी झुंबरबाई. पुंजाराम घटाघट प्यायला, तांब्या उलटा करून दाखवला आणि किंचित हसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरवाल्यांनी फोटो काढला. मोर्चा बसून चटणी-भाकरी खाऊन घरी गेला.

टँकर आठवडाभर आले, मग यायचे बंद झाले. लोक विहिरीचं पाणी गाळून प्यायला लागले. महिन्याभरात झुंबरबाईला उलट्या-जुलाब सुरू झाले, तिला श्रीरामपूरच्या दवाखान्यात आणलं. पुंजारामला कळलं तसा तो शाळेतून परस्पर गेला. तिच्या हाताला सलाईन लावलेली, तोंड एवढंसं झालेलं. त्याला बघून म्हातारी उठायला लागली.

"पडून राहा, मावशी."

"बस रं बाबा. तू मोठा मानूस, वाट वाकडी करून आलास."

तो स्टुलावर बसला. मग म्हातारी म्हणाली, "समदे म्हनत हुते पिऊ नका. मी म्हनलं, लंकीचा भाऊ पेला की. टीव्हीवरचं मानूस कशाला खोटं पिईल? आमाला लई धीर आला बघ तुझ्यामुळं."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पुंजाराम उठून बाहेर आला.

रविवारी तो वस्तीवर गेला. लंकाबाई अंगणात तुरीच्या तुराट्या बांधत होती. तिने मान वर केली, "ये" म्हणाली आणि पुन्हा काम करू लागली. तो बाजेवर बसला. इतक्या वर्षांत तो आला की पायरी चढायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा. आज आला नाही. ऊन रणरणत होतं, घसा कोरडा पडला होता. शेवटी त्यानेच मागितलं.

"हितलं पानी आमी पाहुन्याला देत न्हाई," ती म्हणाली.

"आक्का..."

"मला टेम्पोपाशीच कळलं हुतं. हे पानी कुनाच्या तोंडाला लागलं तर मानूस तोंड वाकडं करतंय. तू हसलास. त्या गोळीच्या येळंला हसला हुतास तसाच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? माझा भाऊ लबाड हाय म्हनू? चार मानसांत?" तिने तुराट्यांची गाठ ओढली. "गप ऱ्हायले. आन झुंबरमावशी पिताना बघत ऱ्हायले. आता तिची सून माझ्याशी बोलत न्हाई. ती म्हनती, तुला ठावं असनार. खरंच हाय की. मला ठावंच हुतं."

तो उठून तिच्याजवळ गेला. तिने मान फिरवली. घरातून भाची सायली डोकावली आणि आत गेली. पुंजाराम तसाच तहानलेला फाट्यापर्यंत चालत आला.

मे महिन्यात तक्रारीवरून नगरहून अधिकारी आले. मारुतीच्या पारासमोर वस्ती जमली. चेअरमन नव्हते, प्रशांत होता. लोक एकेक करून सांगत होते, अधिकारी ऐकत होते. पुंजाराम मागून पुढे आला. या वेळी त्याने हात जोडले नाहीत.

"त्या दिवशी मी प्यायलो ते पाणी विहिरीचं नव्हतं. कॉलनीतल्या नळाचं होतं. मला तांब्या तोंडाला लावतानाच कळलं होतं. तरी प्यायलो."

एवढंच बोलायला त्याला फार वेळ लागला. रंगमंचावर कधी अडखळला नव्हता, इथे प्रत्येक शब्दाला जीभ जड झाली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हा कितवा भाग, पी.ए.साहेब?"

लोक हसले. आवरून धरलेलं हसू फुटतं तसे सगळेच हसले.

"इरोधी पॅनेलनं पढवून धाडला असंल," दुसरा म्हणाला.

"रडतंय बी झ्याक!"

पुंजाराम खरंच रडत होता. प्रशांतने शांतपणे अधिकाऱ्यांच्या कानाला लागून काही सांगितलं, तेही हसले. "बसा तुम्ही," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बायकांत बसलेली लंकाबाई तोवर उठून घराकडे निघून गेली होती. तिने त्याचं किती ऐकलं, ते त्याला कळलं नाही.

त्याच्या सांगण्याची गरजही पडली नाही. अधिकाऱ्यांनी विहिरीत डोकावलं, नाकाला रुमाल लावला आणि बाटल्या भरून नेल्या. पुढे कारखान्याला नाला बंद करावा लागला आणि वस्तीला नळयोजना मिळाली. नळाचं उद्घाटन चेअरमननीच केलं. वस्तीने त्यांना हार घातला, ते निवडणूकही जिंकले. झुंबरबाई बरी झाली, पण हिंडणं-फिरणं कमी झालं. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा क्लार्कची एक जागा कमी केल्याचं हेडमास्तरांनी पुंजारामला खाली बघत सांगितलं.

तो स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला. तिथे शेजारच्या बूथवर मोठमोठ्याने बोलणारी माणसं असायची, पण त्याच्याशी बोलायचं कुणाला कारण नव्हतं. कागद द्यायचे, किती प्रती ते सांगायचं. एखादा जुना ओळखीचा विचारायचा, "परत टीव्हीवर कधी?" तो म्हणायचा, "आता नाही." नाटकवाल्या मुलांनी तालमीला बोलावलं तेव्हाही तो गेला नाही. खोलीत भात शिजताना आता तो गप्प असायचा.

अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात दाजी दुकानात आले. लंकाबाईचे यजमान मुळातच कमी बोलणारे. सायलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी सांगितलं.

"मामा लागतो," ते म्हणाले.

"आक्का काय म्हणाली?"

"मामा लागतो, असं तीच म्हनली."

पुंजाराम नवी टोपी घालून गेला. मांडवात लोक त्याला पाहून सरकून जागा द्यायचे आणि पुन्हा आपापल्या बोलण्याला लागायचे. सायलीला तो हात धरून बोहल्यावर घेऊन गेला, तिच्या मागे उभा राहिला. मंगलाष्टकं चालू असताना तिचा हुंदका आला तेव्हा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो राहू दिला. लंकाबाई समोर होती, पण तिची नजर पोरीवर होती.

पंगत उठल्यावर तो निघाला. फाट्यावर बसची वाट पाहत उभा असताना लंकाबाई लगबगीने येताना दिसली. हातात बुंदीचा पुडा होता. तो तिने त्याच्या पिशवीत घातला.

"जेवलास का नीट?"

"जेवलो."

"वाळला हायेस."

त्याला खूप काही बोलायचं होतं. पण कसं बोललं की ते खरं वाटेल, ते त्याला कळेना. दोघं रस्त्याकडे बघत उभी राहिली. मांडवातून तिला हाका यायला लागल्या, वरात निघायची होती.

"जा तू, आक्का. बस येईल."

"येते," ती म्हणाली आणि मांडवाकडे वळली. बस बऱ्याच उशिरा आली. मागच्या बाकावर जागा होती, तिथे तो पिशवी मांडीवर घेऊन बसला.