चीनच्या कुंडात हळदकुंकू

किन्हवलीकर मंडळींनो, आज माझ्या हातून चूक झाली. कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

चीनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाने मला तळ्याकाठच्या एका भारी हॉटेलात आणलं आहे. इथे गरम झऱ्याचं पाणी हौदात सोडतात. आमची ही गुडघ्यांमुळे आली नाही. निघताना तिने पुडी दिली. "तसंच उतरू नका हां. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर करतो तसं आधी पाण्याला हळदकुंकू वाहा, माझ्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं घाला."

मी तसंच केलं. पाणी लाल झालं. रक्त समजून माणसं ओरडत बाहेर पळाली. हॉटेलवाल्यांनी अख्खा हौद रिकामा केला. मुलगा वाकून वाकून माफी मागत होता.

"बाबा, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाय म्हणाला असतास."

तेव्हापासून तो बोलत नाही. मला जेवण गेलं नाही.

आत्ताच हिचा फोन आला. "वाहिलंत ना हळदकुंकू?"

मी हो म्हणालो.

"तरीच! सकाळपासून गुडघा जरा हलका वाटतोय."

ते पाणी गटारात सोडलं, हे हिला सांगू का? तुम्ही काय केलं असतं?