लाल गोळे आणि मुकादमचाचा

ऑफिसात काम जोरात असलं की किस्से घडत नाहीत. काम अडलं की घडतात. आणि नवीन पनवेलच्या आमच्या ऑफिसात काम दिवसातून तीनदा तरी अडायचं, कारण हेड ऑफिसचा सर्व्हर मान टाकायचा. बंदरावर येणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं कॉम्प्युटरवर भरायची, हे आमचं काम. सर्व्हर गेला की हात रिकामे, आणि त्या रिकाम्या हातांना आमच्यातल्या सगळ्यात तरुण ऑपरेटरने, नीलेशने, इंटरनेटवरचा एक गेम शोधून दिला. जाड मॉनिटरांचा काळ होता तो. आता आम्ही पांगलो. पण दोघं जरी भेटलो तरी तब्येतीची चौकशी नंतर होते, गेमचा विषय आधी निघतो.

गेम अगदी साधा. पडद्यावर एक पांढरा ठिपका, तो माउसने हलवायचा. चारी बाजूंनी लाल गोळे सुटतात, आधी रमतगमत, मग पिसाळल्यासारखे. एक जरी लागला की खेळ खलास! किती सेकंद जगलात तो आकडा पडद्यावर भलामोठा दिसतो. मी पहिल्या दिवशी सहा सेकंद जगले. नीलेशचा रेकॉर्ड पंचेचाळीसचा.

"ताई, सहा सेकंदांत माझी शिंकसुद्धा पुरी होत नाही," तो म्हणाला.

*

आमचे मालक शेटेसाहेब कडक होते. ते केबिनमधून बाहेर आले की नीलेश एक बटण दाबायचा. गेम गायब, एक्सेलचं पान हजर. युक्ती नामी होती, फक्त पान बदलायचं त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

एकदा साहेब त्याच्या मागे थांबले. "काय रे, हे पान अजून संपलं नाही?"

"चेक करतोय, साहेब."

"तीन आठवडे?"

"बारकाईने करतोय, साहेब."

*

मग एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं. महिनाअखेरीस परीक्षा. प्रत्येकाने एक पूर्ण फॉर्म एकट्याने कॉम्प्युटरवर भरायचा, पाऊण तासात. जमला नाही तर दुसऱ्या दिवसापासून यार्डात. यार्डात जायचं म्हणजे दिवसभर उन्हातान्हात कंटेनरचे नंबर टिपत फिरायचं.

सगळ्यांच्या नजरा मुकादमचाचांकडे गेल्या. चाचांचं वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. टाइपरायटरवर जन्म काढल्यामुळे कीबोर्डवर त्यांची बोटं आमच्यापेक्षा जलद पळायची. पण माउस हातात आला की संपलं. एका चौकटीतून दुसरीत जाईपर्यंत आमचा चहा व्हायचा. त्या यार्डात चाचा आठवडाभरसुद्धा टिकले नसते. मला रात्रभर ते डोळ्यांपुढे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर गेल्यावर मी त्यांना गेमपुढे बसवलं. म्हटलं, हाताला वळण लागेल. गोळे सुटले, पडद्यावर दोनचा आकडा आला.

चाचांनी चष्मा पुसला. "बेटा, सुरू कधी होणार?"

*

आम्ही हरलो की परत खेळायचो. चाचा हरले की लिहायचे. त्यांनी एक जुनी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि प्रत्येक डावाची नोंद सुरू केली. अनुक्रमांक, वेळ, किती सेकंद, गोळा कुठून आला, आणि शेवटी शेरा. शेरे वाचण्यासारखे असायचे. 'वरून आला, लक्ष नव्हते.' 'चहा आला.' 'नीलेश हसला.'

नीलेश त्या वहीवर पोट धरून हसायचा. शंभरेक नोंदी झाल्यावर चाचांनी वही आमच्यापुढे ठेवली. "हे बघा. घाबरलो की मी उजव्या खालच्या कोपऱ्यात पळतो, आणि दर वेळी तिथेच मरतो. कोपऱ्यातून निघायला वाट नसते."

त्या दिवसापासून चाचा मध्ये राहून खेळू लागले आणि चौदावर पोचले. नीलेशने हळूच वही मागून घेतली, आपण कुठे मरतो ते बघायला.

*

ऑफिसात झाडलोट करायला कोन गावाहून वत्सलामावशी यायच्या. एकदा त्या झाडू टेकवून चाचांच्या मागे उभ्या राहिल्या.

"गोल्याकडं काय बगत बसता?" त्या म्हणाल्या. "आमी रोज हायवे वलांडतो. गाडीकडं बगत राह्यलं तर पाय उचलत नाय. दोन गाड्यांच्या मधी जागा हाय का, तेवढंच बगायचं."

चाचांनी ऐकलं. तेवीस सेकंद झाले!

मी मावशींना म्हटलं, "बसा, तुम्ही खेळून बघा."

"नको गं बाय. मना संध्याकाळी खराखुरा वलांडायचा हाय."

*

चाचांचा मुलगा दुबईला होता. परीक्षेचं त्याच्या कानावर गेलं आणि त्याने ऑफिसात फोन केला. नोकरी सोडा, घरी बसा, आता तुम्हाला काय कमी आहे, असं तो बराच वेळ समजावत होता. चाचा फोन कानाशी धरून वहीत पुढच्या पानाचे रकाने आखत होते.

शेवटी म्हणाले, "आत्ता कसं सोडू? बत्तीसवर आलोय."

*

परीक्षेच्या दिवशी आम्हा सगळ्यांचे फॉर्म झाले, आणि चाचा खुर्चीत बसले तेवढ्यात सर्व्हर गेला. साहेब चिडून केबिनमध्ये गेले. चाचांनी खुर्ची पुढे ओढली.

"बेटा, ते लाव," ते म्हणाले.

मी लावलं. तीस झाले, चाळीस झाले. पंचेचाळीस ओलांडले तेव्हा नीलेश स्वतःचा रेकॉर्ड मोडल्याचं विसरून "चाचा, चाचा" करायला लागला. केबिनचं दार उघडल्याचं कुणालाच कळलं नाही. मी सहज मागे पाहिलं तर साहेब उभे होते, यार्डात पाठवायच्या माणसांची यादी हातात घेऊन. एक्सेलचं बटण चाचांच्या पुढ्यात होतं, दाबायला कुणाचा हात पोचत नव्हता. एकसष्टला गोळा लागला.

चाचा वळले आणि त्यांना साहेब दिसले. तेवढ्यात सर्व्हर आला. चाचांनी खाली मान घालून गेम बंद केला आणि फॉर्म भरायला घेतला. अठ्ठावीस मिनिटांत भरला. साहेबांनी एकेक रकाना तपासला. एकही चूक नव्हती. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"मुकादम, मघाशी ते काय चाललं होतं?"

चाचांना खोटं बोलता येत नसे. "हाताला वळण लावत होतो, साहेब. महिनाभर. ऑफिसच्या वेळेत."

साहेबांनी यादी खिशात घातली. "यार्डात कुणाला पाठवायचं ते मी बघतो. तुमची जागा इथेच. आता जरा उठा."

चाचा उठले. साहेब त्यांच्या खुर्चीत बसले, बाह्या वर केल्या आणि माउस हातात घेतला. मी गेम लावून दिला. साहेब चार सेकंद टिकले.

मुकादमचाचा खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "चार म्हणजे सुरुवात चांगली आहे, साहेब."