हिरवा कोणता ते सांगू नको

लातूरहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दादा गेला, असं त्या म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "शकूताई, यांना पांढरा घालू, का यांनी आणलेला तो घालू?" दवाखान्यातून घरी आणायचं असेल, असं मला आधी वाटलं. मग त्यांचा श्वास ऐकू आला... आणि मी हातातला ओला टॉवेल घेऊन तिथंच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. ‘तो’ म्हणजे कोणता शर्ट, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. पोपटालाही लाज वाटावी असा हिरवा आणि त्यावर विटकरी रेघा. दादानं तो एकट्यानं बाजारात जाऊन, दुकानदाराला एका शब्दानं न विचारता घेतला होता आणि घरी सगळे हसले तरी ढिम्म हलला नव्हता. "तोच घाला, वहिनी," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मांडव अपुरा पडला. लातूरच्या क्लासेसमध्ये त्यानं शिकवलेली पोरं, आता डॉक्टर झालेली, रांगेनं बोलली. उत्तम सरांचं रसायनशास्त्र, उत्तम सरांची शिस्त, सरांच्या हातचा खडू. सगळं खरंच होतं. पण प्लॅस्टिकच्या गांडुळांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मोठ्या माणसाच्या कार्यक्रमात असलं कोण बोलणार? म्हणून मी लिहायला बसले आहे.

माझ्या थोरल्या भावाला लाल, हिरवा आणि मातकट यांतला फरक जन्मापासून दिसत नव्हता. आमच्या मामालाही दिसत नसे. लहानपणी शेतात मिरच्या तोडायला लावलं की दादा लाल मिरच्यांबरोबर हिरव्याही तोडून आणायचा. आमचे वडील त्याला कामचुकार म्हणून बडवायचे. शेवटी शाळेतल्या एका गुरुजींच्या लक्षात आलं आणि मार थांबला. मात्र तेव्हापासून मी त्याचे डोळे झाले. "शकू, कोणता?" हा त्याचा प्रश्न आणि "लाल", "हिरवा" हे माझं उत्तर, यातच आमचं बालपण गेलं. मला ते फार मिरवायला आवडायचं. माझ्यापेक्षा मोठा, माझ्यापेक्षा हुशार आणि पिकलेला टमाटा मात्र मला विचारून उचलणार! एवढं असून त्यानं विषय निवडला तो रसायनशास्त्र, जिथं नळीतल्या द्रावणाला गुलाबी झाक आली की थांबायचं असतं. त्याला ती झाक कधी दिसली नाही. प्रयोगशाळेत शेजारचा मित्र कोपरानं ढोसायचा आणि हा थांबायचा. हट्टच, दुसरं काय.

किल्लारीकडचा भूकंप झाला तेव्हा दादा लातूरच्या एका कॉलेजात नुकताच लागला होता. कॉलेजातल्या मंडळींबरोबर तोही मदतीला गेला. दिवाळीच्या सुट्टीत तो नांदेडला आला तेव्हा नीट जेवेना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलला. छावणीवर साड्यांचे ट्रकच्या ट्रक येत होते आणि वाटपाचं काम त्याच्याकडे होतं. रांगेत एक तरुण बाई आली, घरातला कर्ता पुरुष गेलेली. तिच्यासाठी दादानं मुद्दाम ढीग उपसून एक मातकट, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी साडी शोधली आणि तिच्या हातात ठेवली. मागची एक म्हातारी पुढे आली आणि कडाडली, "आरं मास्तर, कालपरवा तिचं कपाळ पुसलं, आन् तू तिला हिरवी साडी देऊन राहिलास? डोळे फुटले का तुझे?"

"मग ती बाई काय म्हणाली?" मी विचारलं.

"काईच न्हाई. असू द्या मास्तर, म्हणली, पोराला अंथराया होईल. आन् घेऊन गेली." त्यानं ताट बाजूला सारलं. "शकू, ती माझ्याकडं पाठ करून जाऊन राहिली होती, तवाबी मला ती साडी मातकटच दिसत होती."

आपण कुठं हे रिवाज मानतो, असं मी त्याला म्हटलं. आमच्या घरात आमची आईसुद्धा वडील गेल्यावर हिरव्या बांगड्या घालत होती. "आपण न्हाई मानत," दादा म्हणाला. "ती मानत होती ना."

त्यानंतर दादानं रंग सोडला. पांढरा शर्ट, काळी पँट, झालं. भाजी वहिनी आणायच्या. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो तेव्हा हा दुकानाबाहेर उभा राहिला. आणि मला "शकू, कोणता?" असं विचारणंही त्यानं बंद केलं. खरं सांगते, मला त्याचंच जास्त लागलं. आंधळ्याची काठी काढून घेतली तर आंधळा चाचपडतो म्हणतात, पण इथं काठीच चाचपडत होती.

छताखाली बसवेना म्हणून भूकंपानंतर सगळा लातूर जिल्हाच बाहेर झोपत होता. हळूहळू लोक घरात गेले. दादा मात्र सुट्टी मिळाली की शहराबाहेरच्या पाझर तलावावर जाऊन बसायचा. तिथं मारोती भोई म्हणून एकजण मासे धरायचा. त्यानं दादाच्या हातात गळ दिला, आणि दादाला मरळ माशाचा नाद लागला. मरळ म्हणजे पाण्यातला वाघ. शेवाळाच्या कडेला दबा धरून बसतो आणि वरून काही सरपटत गेलं की झडप घालतो. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पाट्या, वसतिगृहं, डबे, सायकलींचे ढीग. दादा सकाळपासून तुकड्यांवर तुकड्या शिकवायचा आणि रविवारी गुमान तलाव गाठायचा. मासा धरला की परत सोडायचा. "पंचशील म्हणतोस आणि गळ टाकतोस, शोभतं का?" असं मी चिडवायची. "सोडतो ना," तो म्हणायचा. मारोती मात्र कपाळावर हात मारायचा, "येवढी मोठी मरळ सोडून दिली? मास्तर, तुम्ही शिकून शिकून येडे झालात."

मग अमेरिकेला गेलेला त्याचा एक विद्यार्थी सुट्टीत येताना मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांची पाकिटं घेऊन आला. तिकडे बास नावाचा मासा असतो, त्यासाठीची ती. पाकिटांवर रंगांची नावं होती. एक भोपळ्याचा रंग, एक कलिंगडाचा, एक गाडीच्या जुन्या तेलाचा. मी म्हटलं, मासे धरायचेत का भाजीबाजार भरवायचाय? दादा हसलाच नाही. तो दोन पाकिटं उजेडात धरून बघत बसला. भोपळा आणि कलिंगड त्याला एकच दिसत होते. आणि त्या दिवशी त्याच्या मनानं घेतलं, की आपल्या तलावाचं गांडूळ आपण करायचं आणि त्याचा रंगही आपणच ठरवायचा, कुणालाही न विचारता.

वहिनींनी त्याला वासापायी स्वयंपाकघरातून गच्चीवर हाकललं. तिथं शेगडी, एक जुनं पातेलं, तोंडाला फडकं आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे त्यानंच घडवलेले साचे. हैदराबादहून मागवलेलं दुधासारखं प्लॅस्टिक तापत आलं की आधी त्याच्या गुठळ्या व्हायच्या, मग ते वितळून पाण्यासारखं नितळ व्हायचं. त्यात रंगाचे थेंब. मी पहिल्यांदा ते बघायला गेले तेव्हा सवयीनं तोंड उघडलं, "दादा, हा लाल जास्त..." 

"गप. सांगू नको."

इतक्या तुटक आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मग जरा नरमून म्हणाला, "तू सांगितलंस की रंग तुझा होतो, शकू. एवढं एक माझं मला करू दे. चुकलं तर मरळ सांगंल."

आणि मरळ त्याला सांगत राहिली. कित्येक रविवार एकही मरळ गळाला लागली नाही. मला वाटायचं, आता हा पुन्हा रंग सोडणार, या वेळी कायमचा. मला त्याची भीती वाटायची. एका रविवारी मी लातूरला होते, म्हणाले, मीही येते तलावावर. आभाळ भरलेलं होतं, पाणी गढूळलेलं. दादानं आधी गळ काढलाच नाही. पिशवीतून लोणच्याची काचेची बरणी काढली, तलावाच्या पाण्यानं भरली, तिच्यात दोऱ्याला बांधलेलं एक गांडूळ सोडलं आणि हा एवढा मोठा प्राध्यापक बांधावर सपशेल उताणा पडला. बरणी तोंडावर आभाळासमोर धरून तिच्या बुडातून वर बघायला लागला. एक गांडूळ काढायचं, दुसरं सोडायचं. मी हसायला लागले तशी म्हणाला, "हसू नको. मासा खालून बघून राहिलाय. तू वरून रंग बघतीस, त्याला वरचं आभाळ दिसतं. ये, झोप इथं."

मी माझ्या बऱ्यापैकी साडीची पर्वा न करता बांधावर आडवी झाले. त्यानं बरणी माझ्या तोंडावर धरली. आणि मी आयुष्यभर ज्यांची नावं त्याला सांगत आले होते, ते रंगच नाहीसे झाले! लाल लाल नव्हता, हिरवा हिरवा नव्हता. दुधाळ उजेडात नुसत्या काळसर आकृत्या. एक गांडूळ मेल्यासारखं लोंबत होतं. एक गढूळ पाण्यात विरघळून गेलं होतं. आणि एक, जे मला वरून अगदी ओंगळ, शिळ्या आमटीच्या रंगाचं वाटलं होतं, ते कडेनं उजळ आणि पोटाशी गडद, खरोखर जिवंत होऊन वळवळत होतं. "कळलं?" दादानं विचारलं. साठीच्या घरात आलेली बाई मी, पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांनी काहीतरी बघत होते. तो तर जन्मभर असंच बघत आला होता, आणि आम्ही त्याला न दिसणारा समजत होतो.

त्यानं तेच ओंगळ गांडूळ गळाला लावलं. शेवाळाच्या कडेनं ते सरपटत आलं, पाणी फुगलं आणि हातभर लांबीची मरळ त्यावर अशी तुटून पडली, की शेजारी बसलेल्या मारोतीच्या हातातली विडी पडली. दादानं ती काठावर आणली, ओल्या हातानं पोटाखाली धरली, तिच्याकडे नुसतं बघितलं आणि पाण्यात सोडून दिली. त्याचे डोळे भरले होते. मारोती या वेळी त्याला येडा म्हणाला नाही. बरणी उचलून आत बघत म्हणाला, "मास्तर, ह्याच्यात काय दिसतंय वो तुम्हाला?"

तो शर्ट दादानं त्याच आठवड्यात घेतला.

गांडुळं ठेवायला त्यानं खणाखणांचा प्लॅस्टिकचा डबा केला होता. त्याच्या मांडणीत एक गाढ काळं, त्याशेजारी लाल, मग मधेच निळं, मग खाकी असं काहीही असे. लाल आणि काळं शेजारी कसं, असं विचारलं तर म्हणे, मला दोन्ही अंधारीच दिसतात, आणि पाण्यातही बहुतेक तसंच असतं. पहिल्या खणात मात्र दोनच गांडुळं असत, चिकटून ठेवलेली. एक हिरवं, एक मातकट. दरवर्षी तो ती दोन नव्यानं ओतायचा आणि गळाला कधीच लावायचा नाही.

"ही दोन कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"ती मरळीसाठी न्हाईत." मग डबा माझ्यापुढे धरत म्हणाला, "ह्यातलं हिरवं कोणतं, ते सांगू नको."

मी सांगितलं नाही. त्या बाईचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. पण इतकी वर्षं तो त्या साड्यांच्या ढिगापाशी परत परत जात होता, हे मला तिथं, गच्चीवर, प्लॅस्टिकच्या वासात कळलं.

परवा मी लातूरला गेले तेव्हा वहिनींनी तो डबा पुढ्यात ठेवला. दादा दवाखान्यात असताना त्यांनी तो धुऊनपुसून लावला होता. लालमध्ये लाल, हिरव्यात हिरवी, पिवळ्यात पिवळी, रांगोळीच्या रंगांसारखा. "घरी आले की खूश होतील म्हणून लावला," त्या म्हणाल्या. "दाखवायचा राहिला." त्यांचा हात डब्यावरून फिरत होता. काय केलंत हे वहिनी, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. प्रेमानंच केलं होतं त्यांनी. पण दादाची ती सगळी मांडणी, त्याचं ते सगळं बघणं गेलं होतं, आणि ती दोन गांडुळंही आपापल्या रंगाच्या गर्दीत कुठंतरी गेली होती.

मग मी त्यांना त्या दोन गांडुळांबद्दल सांगितलं. साडीची गोष्ट त्यांना ठाऊक होती, गांडुळांची नव्हती. त्या उठून आत गेल्या आणि लोणच्याची ती बरणी घेऊन आल्या. आम्ही दोघींनी ती गच्चीवर नेली, टाकीचं पाणी भरलं. हिरव्यांतून एक हिरवं काढलं, मातकटांतून एक मातकट. नव्यासारखी, गळाचं भोक नसलेली ती दोनच होती, म्हणून ओळखू आली. आम्ही ती दोऱ्याला बांधून बरणीत सोडली. संध्याकाळचं आभाळ होतं. गुडघे दुखतात म्हणून आडव्या काही झालो नाही, वहिनींनी बरणी उंच धरली आणि आम्ही दोघी माना वर करून बुडातून बघत राहिलो. दोन्ही गांडुळं हळूहळू फिरत होती, एकमेकांपुढून जात होती.

"शकूताई," वहिनींनी विचारलं, "ह्यातलं हिरवं कोणतं?"

मी पुष्कळ बघितलं. मला सांगता आलं नाही.