वांग्याच्या वाफ्याजवळ

बाळापूरच्या शाळेतून उतारवयात मोकळे झाल्यावर देवीदास मास्तरांना सगळ्यात जास्त आठवायचं ते अकोल्याचं एक परस.

तेव्हा ते नुसते देवीदास होते. वलगावच्या माळ्याचा पोरगा, पाद्रीसाहेबांच्या हाताखाली शिकता शिकता ख्रिस्ती झालेला, आणि आता मास्तरकी शिकायला अकोल्याच्या शाळेत आलेला. दूरदेशीच्या लढाईपायी कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, त्या तेजीचे ते शेवटले दिवस. गाड्या इतक्या यायच्या की रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा कापूस पिकवतात असं वाटे.

वलगावहून निघताना पाद्रीसाहेबांनी त्याच्याकडून एक भाषण पाठ करून घेतलं होतं. पहिल्याच बाजारी देवीदास कापसाच्या गाड्यांपुढं उभा राहिला आणि "हे पापी जनहो" म्हणून सुरू झाला. गाडीवाले खो खो हसले. एकानं बैलालाच विचारलं, "तुले म्हणून राहिला काय रे?"

सोबत शिकणारा जानराव गर्दीत होता. मूर्तिजापूरकडच्या कुणब्याचा हा पोरगा मोठा रोखठोक. परतताना म्हणाला, "काहून रे, असा परक्यावानी बोलतं? हे तुह्यं बोलणं नाही."

देवीदासला ते लागलं. पुन्हा काही तो बाजारात उभा राहिला नाही. आपल्याच्यानं देवाचं काम व्हायचं नाही, ही खंत मात्र मनात राहिली.

मास्तरकी शिकणाऱ्या पोरांचं बिऱ्हाड एकच; पण धर्म बदलला म्हणून त्याची चूल मागच्या परसात, वेगळी. हात स्वस्थ बसेनात, तशी त्यानं तिथंच वांगी-मेथी लावली. कच्च्या भाजीला कसला विटाळ? पोरं संध्याकाळी वांगी न्यायला येऊ लागली, आणि आली की वाफ्याच्या कडेला टेकायची. घरच्या गप्पा निघायच्या. देवीदास खुरपता खुरपता ऐकायचा.

एकदा जानराव म्हणाला, "माह्या मोठ्या भावानं, चंद्रभाननं, वाटणी मागतली. कापसाच्या पैशानं डोळे फिरले त्याचे. अमरावतीत सारं उडवलं. आता तोंड दाखवाले लाजून राहिला."

देवीदासचं खुरपं थांबलं. "असाच एक पोरगा होता," तो म्हणाला, "येशूनं सांगतली त्याची गोष्ट." आणि त्यानं ती सांगितली, वलगावच्या भाषेत. वाटणी घेऊन गेलेला पोरगा, डुकरं राखायची पाळी, परतीची वाट.

"मंग बापानं हाकललं असंन?"

"नाही. दुरून दिसला, तसा बाप धावत सुटला. म्हणे, माहा पोरगा मेलता, तो जिता झाला. देव मले तसा भेटला, जानराव. म्हणून मी त्याचा झालो."

"असा बाप नसते कुठी," जानराव म्हणाला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो गावाकडं निघाला.

परत आला तो थेट परसात. "बुढ्या बापाले सांगतली तुही गोष्ट," म्हणाला. "सकाळी बैलबंडी जुपली अन् अमरावतीले गेला. चंद्रभान घरी आहे."

जानराव चुलीशी बसला आणि म्हणाला, "भाकर दे."

"अरे, जात काय म्हणंन?"

"ते मी पाहून घेईन. तू वाढ."

पुढं पाद्रीसाहेबांनी विचारलं, किती जण आले आपल्यात? देवीदासनं खरं ते सांगितलं, एकही नाही. साहेब जरा हिरमुसले. पण देवीदासची खंत गेली होती. पुढं बाळापुरात जन्मभर त्यानं असंच केलं. आधी ऐकायचं, मग कुणी विचारलं तर आपल्या बोलीत सांगायचं.

जानराव शेवटपर्यंत विठोबाचाच राहिला. तो गेल्याचं कळलं त्या दिवशी मास्तर अंगणात येऊन बसले. मग त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, वऱ्हाडीतच.